रविवारचा मुका भोंगा

पुणे,
५ जानेवारी

क्रांतीस,

खुशाली विचारत नाही, तू ठणठणीत असणार. फोनवर तू माझा नंबर बंद केलास, मग मीही तुझा केला. राजवर्धनला मध्ये घालावं तर तो म्हणतो, "अक्का, मी दिवसभर फौंड्रीत भट्टीपुढं असतो, घरात दुसरी पेटवू नका." माझा सख्खा धाकटा भाऊ, पण बायकोचा विषय निघाला की त्याची जीभ टाळ्याला चिकटते. म्हणून हे लेखी. पुढे कोण काय बोललं यावर वाद नको.

काल रविवार. नेहमीप्रमाणे मी व्हिडिओ लावला. आप्पा समोर, कीबोर्ड समोर, आणि भोंगा मुका. ज्या माणसाने तीस-एक वर्षं कुस्तीच्या मैदानात माईकवर निवेदन केलं, ज्याच्या आवाजाने पब्लिक आधी उठायचं आणि पैलवान नंतर, तो माझा बाप नुसते ओठ हलवत बसला होता. ऑपरेशनमध्ये त्यांचं स्वरयंत्र गेलं, तेव्हा मी जुन्या कॅसेटी गोळा करून त्यांच्याच आवाजात बोलणारा प्रोग्राम त्या कॉम्प्युटरवर बसवला, तो काय शोभेला? ते एका बोटाने टाइप करतात, मशीन त्यांच्या आवाजात बोलतं, आणि तो आवाज त्या छोट्या साउंडच्या डबीतून त्यांच्या मैदानातल्या भोंग्याला जातो. एवढीच त्यांची वाचा उरली आहे.

दिवाळीत समजावलं होतं, पुन्हा सांगते. कॉम्प्युटरच्या सगळ्या कारभाराचा जो गाभा असतो त्याला कर्नल म्हणतात. अपडेट आले की नवा कर्नल येतो, जुनाही मशीनमध्ये राहतो. आपली डबी जुनी, ती फक्त जुन्या कर्नलवर चालते. नव्यावर बाकी सगळं छान चालतं, आवाज तेवढा येत नाही. म्हणून मी जुना रोखून ठेवलाय, मशीन आपोआप त्याच्यावरच उठतं. नवा काढून टाकत नाही, कारण दोन कर्नल ठेवायचे असा नियम आहे. एक बिघडला तर दुसऱ्यावर काम भागतं. मशीन सुरू होताना काळ्या पडद्यावर दोन्हींची नावं येतात, बाणाचं बटण दाबून हवा तो निवडायचा. आप्पांनाही दाखवलं होतं, त्यांनी मान डोलावली. पण या वयात ते त्यांच्या डोक्यात काय शिरणार? मग घरात दुपारी बटणं दाबायला उरतं कोण?

काल मी त्यांना एकच गोष्ट विचारणार होते, की आता पुण्याला माझ्याकडे राहायला येता का. नेमका कालच आवाज गेला. योगायोग फार सोयीचा आहे. मशीनला हात लावू नकोस.

अवंतिका


मंगळवार पेठ, कोल्हापूर
८ जानेवारी

वन्संना,

नमस्कार राहू दे, तुम्ही बी केला न्हाईसा. तुमच्यागत छापील मराठी मला येत न्हाय. मी बोलते तसंच लिहिते. वाचायला तरास झाला तर मोठ्यानं वाचा.

मशीनला हात लावायला मला टाइम कुठनं गावायचा? सकाळी उठल्या उठल्या मामांच्या, म्हंजे तुमच्या आप्पांच्या, गळ्याची नळी साफ करायची, मग राजवर्धनचा डबा, मग मामांचं मऊ जेवण, मग माझं शिलाईचं मशीन. ती नळी तुम्ही एकदा तरी हातात धरलीया व्हय? दिवाळीत आलासा, चार दिवस कॉम्प्युटर पुसत बसलासा आणि गेलासा.

अपडेट का काय ते मी दाबत न्हाय. मला दिसतंय एवढंच, की तुम्ही पुण्यास्नं आमच्या मशीनमधी शिरतासा. परवा शेजारच्या शालूबाईला मी तिच्या लेकीच्या साखरपुड्याचे फोटो दाखवत हुते, तर पडद्यावरचा बाण आपोआप पळाय लागला. शालूबाई चहा टाकून उठली, म्हणाली भूत हाय. म्हटलं भूत न्हाय बाई, नणंद हाय.

तुम्हीच आत शिरून कायतरी उलटंपालटं करतासा आणि खापर माझ्या डोक्यावर. का करतासा ते बी मला ठावं हाय. आवाज गेला की चार जणांत सांगता यील, सून बघत न्हाय, म्हातारा मुका पडलाय, चला आता पुण्याला. मी काय खुळी न्हाय.

आणि दर रविवारी तुमचं काय चालतंय ते सैपाकघरात ऐकू येतंय. "आप्पा, जेवण वेळेवर मिळतं का? आप्पा, क्रांती चिडते का?" उत्तर भोंग्यातनं! भोंगा मैदानाचा हाय वन्सं, पार तालमीपर्यंत जातोय. गेल्या महिन्यात तुम्ही खोदून खोदून इचारलासा म्हणून मामांनी टाइप केलं, 'आमटी खारट हुती'. दुसऱ्या दिवशी भाजीवाला मला म्हणतोय, "वहिनी, कोथिंबीर न्या, मीठ काय तुमच्याकडं हाय." मला इज्जत हाय का न्हाय?

पाटीवर लिहून द्या म्हटलं तर मामा खुणेनं सांगत्यात, चष्मा गावत न्हाय. चष्मा कपाळावर असतोय. आता ह्या वयात त्यांना काय बोलायचं?

पुण्याचं नाव परत काढू नका.

क्रांती


पुणे,
१२ जानेवारी

क्रांतीस,

काल परत मुका.

या वेळी मी भांडत बसले नाही, सरळ मशीनची नोंद काढली. ते कधी सुरू झालं आणि कुठल्या कर्नलवर, हे मशीन स्वतः टिपून ठेवतं. मंगळवारी जुन्यावर. शुक्रवारी जुन्यावर. शनिवारी जुन्यावर. आणि रविवारी माझ्या कॉलच्या जरा आधी कोणीतरी ते बंद करून परत सुरू केलं, तेव्हा नव्यावर.

मशीन आपणहून जुन्यावरच उठतं. नव्यावर जायचं तर त्या काळ्या पडद्यासमोर बसून माणसाने बाण दाबावा लागतो. तो पडदा इंटरनेट सुरू होण्याआधी येतो, तिथवर माझा हात पुण्यातून पोचतच नाही. म्हणजे तुझं भूत कोल्हापुरातच आहे, आणि त्याला शिवणकाम येतं.

मंगळवारी गुंडूकाका आले होते. त्यांनीच मला फोनवर सांगितलं, "तुझ्या बानं आज सगळा जुना जमाना उभा केला बघ, तासभर नुसता भोंगा चालू." तालमीतल्या मित्राशी बोलायला आवाज आहे आणि पोटच्या पोरीशी बोलायला नाही? आप्पांनी मला काही सांगू नये याची सोय तू केली आहेस. म्हातारा मुका असताना त्याच्या तोंडाला आणखी वरून कुलूप. याला आमच्यात हलकटपणा म्हणतात. तुमच्यात काय म्हणतात ते कळव.

अवंतिका


कोल्हापूर
१५ जानेवारी

वन्सं,

आमच्यात त्याला नणंद म्हणत्यात.

काल संक्रांत झाली. तिळगूळ धाडणार हुते. पण बरोबर 'गोड बोला' लिहावं लागतंय, ते जिवावर आलं, म्हणून डबा शालूबाईच्या पोरांना दिला.

आता हलकट कोण ते ऐका. काल माझी आई आलती सणाची. मी मामांना सकाळीच सांगून ठेवलं हुतं. म्हटलं मामा, आज माझ्या आईसमोर, राजवर्धनसमोर, भोंग्यातनं एकदा सांगून टाका, की मला पुण्याला जायचं न्हाय. पेठ सगळी ऐकू दे. म्हंजे वन्संचं तोंड कायमचं बंद हुईल. मामांनी मान डोलावली. मी चहा टाकाय आत गेले. कप घेऊन बाहेर येते तर मामा टाइप करत्यात आणि भोंगा मुका! माझी आई म्हणते, "इवाई रुसल्यात व्हय आमच्यावर?" मला मेल्याहून मेल्यागत झालं.

आता तुम्हीच सांगा. कुलूप मी लावत असते तर माझ्याच सणाला, माझ्याच आईपुढं लावलं असतं व्हय? तुमच्या त्या नोंदीत बुधवार बघा जरा. बघा की! तिथवर हात पोचत न्हाय म्हणतासा, आणि इतक्या लांबनं माझा बाण पळवतासा.

तुम्हाला तुमच्या बाचा आवाज पाहिजे, पण तुमच्याच बाजूनं बोलणारा. दुसऱ्या बाजूनं बोलाय लागला की बटण बंद. सगळं कळतंय मला.

मी इंटरनेटची वायर उपटून कपाटात ठेवलीया. आता या आत, कशा येतासा बघते.

क्रांती


पुणे,
२० जानेवारी

क्रांतीस,

वायर उपटलीस ते कळलं. रविवारी राजवर्धनच्या मोबाईलवर आप्पांना पाहिलं. भुईमुगाच्या शेंगा सोलत बसले होते. बोलता येत नव्हतं तरी अगदी खुशीत दिसले. मला ते खुपलं, खरं सांगते. मी इथे जीव टांगून बसले आहे आणि ते शेंगा सोलतायत.

बुधवारचं म्हणशील, तर वायर उपटायच्या आधी मी ते पाहिलं होतं. बुधवारीही कोणीतरी बाण दाबून नव्यावर गेलं आहे. ते माझ्या हिशोबात बसत नव्हतं म्हणून तुला कळवलं नाही. कदाचित तू मला फसवायला मुद्दाम केलं असशील. तुझ्याकडून मी कशाचीही अपेक्षा करू शकते.

आता हे पुरे. एकदाचा निकाल लावू, मैदानात लावतात तसा, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. तू वायर जोड. मी नवा कर्नल मुळासकट काढून टाकते. हे नियमाविरुद्ध आहे. माझ्या ऑफिसात कुणी एकाच कर्नलवर मशीन ठेवलं तर मी त्याला सगळ्यांसमोर फैलावर घेते. पण इथे दुसरा इलाज राहिला नाही. एकच कर्नल उरला की काळ्या पडद्यावर कुणी कितीही बटणं बडवली तरी मशीन त्याच्यावरच उठेल आणि आवाज येणारच.

मग १ फेब्रुवारीच्या रविवारी सगळे बसा. राजवर्धन, तू, तुझ्या आईलाही बोलाव. मी पडद्यावर असेन. आप्पांना एकच प्रश्न: पुणे की कोल्हापूर. ते जे बोलतील ते दोघींनी मानायचं. आहे हिंमत?

अवंतिका


कोल्हापूर
२२ जानेवारी

वन्सं,

लावली वायर. उपटा काय उपटायचं ते.

हिंमत मला इचारतासा? आमचा बा गावच्या जत्रंत कुस्त्या लावायचा, मी त्याच्या खांद्यावर बसून बघितल्यात. ठरलं म्हंजे ठरलं. भोंगा मी गच्चीवर नेऊन बांधणार हुते, राजवर्धन पाया पडाय लागला म्हणून खिडकीत ठेवते. पण खिडकी उघडी असणार. पेठेला बी कळू दे, सून काय करती आणि लेक काय करती.

तुम्हाला वाटतंय मामा तुमचंच नाव घेतील. त्यांची तालीम हितं हाय, गुंडूकाका हाय, सकाळी फाटकापाशी दुधाला उभं राहून ते अर्ध्या पेठेला हात करत्यात. तुमच्याकडं काय हाय? बाराव्या मजल्यावर लिफ्ट हाय.

हरलासा की परत आमच्या मशीनमधी शिरायचं न्हाय. मी हरले तर त्यांची बॅग मीच भरून दीन, नळी साफ करायची कशी ते बी लिहून दीन. बोलाय सोपं हाय, करून बघा.

क्रांती


कोल्हापूर
२ फेब्रुवारी

वन्सं,

काल जे झालं ते तुम्ही पडद्यावर बघितलासा. पण त्याच्या आधीचं तुम्हाला दिसलं न्हाय. तेवढ्यासाठी लिहिते. रात्रभर मला डोळा लागला न्हाय.

तुमच्या कॉलच्या आधी मी मामांचा इस्त्रीचा सदरा घेऊन त्यांच्या खोलीत गेले. मामा मशीनसमोर, पाठ माझ्याकडं. त्यांनी मशीन बंद केलं, परत चालू केलं. काळा पडदा आला. मामांनी कपाळावरचा चष्मा खाली डोळ्यावर घेतला आणि बाणाचं बटण दाबलं. खाली. वर. परत खाली. पडदा गेला, मशीन चालू झालं. त्यांनी परत बंद केलं. परत चालू. परत चष्मा नीट केला, अगदी पडद्याला नाक लावलं, आणि परत बाण दाबाय लागले. कायतरी हुडकत हुते, वन्सं. सराईतागत बोट चालत हुतं, मी नवीन ब्लाउजची बटणं लावते तसं. पहिल्यांदा करणाऱ्याचं बोट न्हवं ते.

मी दारात सदरा धरून उभी. नवा कर्नल मी निवडत नव्हते. तुम्ही बी न्हाय. मामा निवडत हुते! तुम्ही पुण्याचं इचारणार म्हणून रविवारी. मी माझ्या आईपुढं बोला म्हटलं म्हणून बुधवारी. गुंडूकाकांच्या मंगळवारी जुना, कारण त्यो म्हातारा त्यांना कायच इचारत न्हाय, नुसता मांडी घालून ऐकतोय. आणि आपण दोघी म्हणत बसलो, त्यांच्या डोक्यात काय शिरतंय.

मामांनी मागं वळून बघितलं. मला वाटलं दचकतील. न्हाय दचकले. पडद्याकडं बोट केलं आणि ओठांनी म्हणाले, "क्रांते, त्यो दुसरा कुठं गेला?"

मी म्हटलं, "मामा, वन्संनी काढला त्यो. मी बी व्हय म्हटलं हुतं."

मामांनी हात वर केले, मी सदरा घातला, बटणं लावली. मी तवाच कॉल बंद करायला पाहिजे हुता. पण आई येऊन बसलेली, खिडकी उघडी, शालूबाई तिच्या दारात खुर्ची टाकून बसलेली, आणि मला बी आतनं वाटत हुतं की मीच जिंकणार. म्हणून गप्प बसले. खोटं कशाला बोलू?

पुढचं तुम्ही बघितलासाच. तुम्ही तिकडनं "आप्पा, पुणे की कोल्हापूर", मी हिकडनं "मामा, बोला की, भ्यायचं काय", माझी आई मधनंच "इवाई, माझ्या पोरीच्या बाजूनं बोला". तिघी एकदम. मामा एका बोटानं किती येळ टाइप करत हुते. आणि मग भोंग्यातनं त्यो आवाज आला, मैदानातला, छाती भरून:

"मी निवेदक हाय. पंच न्हाय. आखाड्यात तुम्ही दोघी उतरलाय, माझ्या तोंडानं निकाल मागू नका."

शालूबाईनं टाळी वाजवली. तिचा काय दोष न्हाय, त्यो आवाज ऐकला की पेठेत टाळी वाजतीच. मामांनी डबीची वायर उपसली, डबी खिशात घातली आणि चपला घालून तालमीकडं चालत गेले. अंधार पडाय लागला तवा आले.

डबी अजून खिशात हाय. आज सकाळी दूध घालणाऱ्याला बी हात केला न्हाय त्यांनी. उद्या मंगळवार. मी म्हटलं, गुंडूकाका येतील, मशीन लावून देते. तर मान हलवली, न्हाय म्हणाले. गुंडूकाकाला येऊ नको सांग म्हणाले. आपण दोघींनी मिळून त्यांचा मंगळवार बी घालवला, वन्सं.

तुमच्यावरचा माझा राग हाय तेवढाच हाय. पण मशीनमधलं मला कळत न्हाय, तुम्हाला कळतंय. काय करायचं ते सांगा. वायर लावूनच ठेवलीया.

क्रांती


पुणे,
५ फेब्रुवारी

क्रांती,

रडले. लिहून टाकते.

तुझं पत्र मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून वाचलं. दिवाळीत आप्पांना तो काळा पडदा मीच दाखवला होता. म्हटलं होतं, "आप्पा, आवाज हवा असेल तर हा निवडा." नको असेल तर कोणता, हे त्यांचं त्यांनी शोधून काढलं. आणि मी पुण्यात बसून नोंदी तपासत होते! दिवसरात्र मशीनची नोंद बघणारी मी, आणि ती नोंद बापाची आहे हे मला कळलं नाही.

नवा कर्नल परत बसवला आहे. ज्याच्यावर आवाज येत नाही हे मला माहीत आहे, तो मुद्दाम बसवायची ही माझी आयुष्यातली पहिली वेळ. दोन ठेवायचे असतात हे मी रोज ऑफिसातल्या पोरांना शिकवते आणि माझ्याच बापाचा दुसरा काढून टाकला. आता दोन्ही रोखून ठेवलेत. यापुढे कितीही अपडेट आले तरी जुना जाणार नाही आणि नवाही जाणार नाही. काळा पडदा आधी पटकन निघून जायचा. आता आप्पा बटण दाबेपर्यंत तो थांबून राहील.

तू एवढंच कर. त्यांना सांग की दुसरा परत आला. मग खोलीतून बाहेर ये आणि दार ओढून घे. भोंग्याला मागे आवाज कमी-जास्त करायची कळ आहे, तीही दाखव. मी आता आत शिरणार नाही. पासवर्ड राजवर्धनला बदलायला सांग आणि मला कळवू नका.

गुंडूकाकांना मी फोन केला. म्हटलं, काहीही झालं तरी जा. ते म्हणाले, "मी कवा थांबलोय? तुझा बा बोलला न्हाय तर मी बोलीन."

हलकटपणा हा शब्द मागे घेते. बाकीचे घेत नाही. आणि आमटी खारटच असते, मी दिवाळीत खाल्ली आहे.

अवंतिका


कोल्हापूर
१६ फेब्रुवारी

वन्सं, नमस्कार.

मंगळवारी तुम्ही सांगितलं तसंच केलं. म्हटलं, मामा, त्यो दुसरा परत आलाय, आणि आता कुणी काढणार न्हाय. दार ओढून घेतलं. ओढता ओढता बघितलं, मामा खिशातनं डबी काढत हुते. गुंडूकाका आले, त्यांना आत सोडलं. मग दोनदा मशीन बंद-चालू झाल्याची पिप वाजली. तपासून बघत असणार, दोन्ही हायत का. आणि मग एकदम भोंगा सुरू झाला, गुंडूकाकांनीच कवातरी हरलेली कुस्ती, सगळी पहिल्यापास्नं. काका आतनं ओरडत हुते, "आरं गप की, कितींदा सांगशील!" मी मशीनवर बसून शिवता शिवता रडले, कापड वाकडं शिवलं.

काल रविवारी काय झालं ते सगळं आपल्याला कळलं असं तुम्हाला वाटलं असंल. मामा नव्यावर बसले हुते. तुम्ही बी काय इचारलं न्हाईसा. तुमचा फ्रिज बिघडलाय आणि तुमच्या सोसायटीत पाणी येत न्हाय, तेच तासभर सांगत हुतासा. मी दारात उभी राहून ऐकत हुते. मामा शेंगा सोलत तुमच्याकडं बघत बसले, मधनंच हसले. मला म्हाईत हाय, तुम्हाला त्यांचा आवाज ऐकायचा हुता. मला बी वाईट वाटलं तुमच्यासाठी. थोडंच.

तुम्ही कॉल बंद केलासा. मामांनी टरफलं गोळा केली, मशीन बंद केलं, परत चालू केलं, आणि जुना निवडला. मला वाटलं, आता आमटीचं काढत्यात काय. त्यांनी भोंग्याची कळ पार बारीक केली. मला जवळ जाऊन ऐकावं लागलं.

"अवंती वाळलीया. आजऱ्याचा तांदूळ धाड तिला."

कुणी इचारलं नव्हतं.

घनसाळ तांदूळ धाडलाय, आज सकाळच्या एसटीनं, पार्सल तुमच्या नावावर हाय. वर एक डबा हाय त्यात तिळगूळ हाय, संक्रांत होऊन गेली तरी. भांडण मिटलं असं समजू नका. पुण्याचा इषय माझ्याकडनं बंदच हाय, आणि दिवाळीला आमटी तुम्ही करायची, मीठ किती घालतासा बघते.

तांदूळ पोचला की लिहित बसू नका. तुमचा नंबर मी उघडलाय.

क्रांती